एक नॉब, दोन अर्थ

महोदय,

20 जानेवारी 1992 रोजी फ्रान्समध्ये स्ट्रासबुर्गजवळ एअरबस ए-320 विमान डोंगरावर आदळले, 87 जण दगावले. उतरण्याचा कोन आणि उतरण्याचा वेग दोन्ही कॉकपिटमधल्या एकाच नॉबने (फिरवायच्या बटणाने) ठरत; त्या वेळी नॉब कोन बदलणार की वेग, हे 'मोड'वरून ठरे. 3.3 अंशांचा कोन द्यायचा असताना मोड वेगाचाच राहिला असावा, ही शक्यता तपासात पुढे आली. कोनासाठी '-3.3' दिसे, वेगासाठी '-33', म्हणजे मिनिटाला 3300 फूट. फरक एका टिंबाचा! पुढे वेग पूर्ण चार अंकी दाखवला जाऊ लागला.

पुण्यात डिस्प्लेचे सॉफ्टवेअर लिहिणारी आणि शिकणारी मंडळी पुष्कळ आहेत. त्यांना कळकळीची विनंती: नॉब आत्ता काय बदलणार, हे त्या आकड्याला खेटूनच, एककासह दाखवा. घाईच्या वेळी कोपऱ्यातल्या मोडच्या नावाकडे नजर जात नाही. दुहेरी नॉब असेल तर बाहेरची कडी काय फिरवते आणि आतली काय, हे पडद्यावरच्या चित्रातही तसेच दिसावे. नुसत्या रंगावर विसंबू नका, भर उन्हात निळा-हिरवा ओळखणे कठीण जाते. चौकट आणि शब्दही बदलला पाहिजे. चाचणीही टेबलावर नको, हादऱ्यांत आणि उन्हात घ्या.

– एक वाचक, कोथरूड, पुणे