चर्चमधले पाइप ऑर्गन वाजते राहोत

महोदय,
कुलाब्याच्या होली नेम कॅथेड्रलसारख्या जुन्या चर्चमधले पाइप ऑर्गन, म्हणजे भात्याची हवा नळ्यांत सोडून वाजवायची मोठी वाद्ये, जपायचे, तर फिलिपिन्सकडे पाहावे. लास पिन्यासच्या चर्चमधला ऑर्गन १८२४ साली पूर्ण झाला. त्याच्या १०३१ नळ्यांपैकी ९०२ बांबूच्या! कीड लागू नये म्हणून तो बांबू आधी वाळूत पुरून ठेवला होता. १९७३ मध्ये हे वाद्य दुरुस्तीसाठी जर्मनीत बॉनला गेले, १९७५ मध्ये परतले आणि आजही वाजते. मुख्य म्हणजे पुढे युरोपात शिकून आलेल्या स्थानिक कारागिरांनी फिलिपिन्समध्येच ऑर्गनची कार्यशाळा काढली. आपल्या दमट हवेत भात्याचे चामडे कुजते, लाकडाला वाळवी लागते. दरवेळी परदेशी तंत्रज्ञ कुठून आणणार? हार्मोनियम दुरुस्त करणारे कुशल हात आपल्याकडे आहेत. त्यांतल्या तरुणांना हे काम शिकायला राज्य सरकारने आणि धर्मप्रांतांनी मिळून शिष्यवृत्ती द्यावी.
– एक वाचक, वसई