कॅटलॉग रद्दीत, संशोधन अडलेले

महोदय,
आधुनिक कलेच्या इतिहासात एम.ए. करताना पहिला धडा मिळाला तो रद्दीवाल्याकडे. १९४७ च्या ‘प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप’ या मुंबईतल्या आधुनिक कलावंतांच्या गटातल्या सहा जणांपैकी सूझा, रझा, हुसेन सगळ्यांना ठाऊक. पण त्याच गटातले चित्रकार गाडे आणि शिल्पकार सदानंद बाकरे यांच्यावर लिहायला बसले, तर हाताशी काही लागेना. एका ग्रंथालयाने जुने प्रदर्शन-कॅटलॉग ‘जागा अडवतात’ म्हणून काढून टाकल्याचे कळले. त्यातला एक मला त्या रद्दीवाल्याकडे मिळाला: चार पानी, गंजलेली टाचणी, समासात कुणीतरी पेन्सिलीने चित्रांच्या किमती टिपलेल्या. माझ्या प्रबंधाचे एक अख्खे प्रकरण त्या पेन्सिलीवर उभे आहे!

आपल्याकडे मुंबईचे जेजे कला महाविद्यालय १८५७ पासून आहे, चित्रकार घडले. पण कलेतिहास शिकायचा तर अजूनही बरेच जण बडोद्याच्या विद्यापीठाची गाडी पकडतात. (तिथले शिक्षण उत्तमच, तक्रार त्याची नाही.) विद्यापीठांनी निदान मराठी कलासमीक्षेची कात्रणे, निमंत्रणपत्रिका, कॅटलॉग स्कॅन करून ठेवावेत. वाचकांपैकी कुणाच्या माळ्यावर असे कागद असतील, तर दिवाळीच्या साफसफाईत ते कृपया रद्दीत काढू नका.

– एक संशोधक विद्यार्थिनी, पुणे