भारतीय फुटबॉलला प्रेक्षक 2014 साली मिळाले?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीतला भारतीय फुटबॉलवरचा लेख वाचला. एकदा वाचून ठेवून दिला, पुन्हा काढला, पुन्हा वाचला आणि संताप आणखीच वाढला. ‘आयएसएल येण्यापूर्वी आपल्याकडचे सामने रिकाम्या खुर्च्यांसमोर व्हायचे’ (आयएसएल म्हणजे 2014 साली सुरू झालेली इंडियन सुपर लीग) हे वाक्य ज्यांनी लिहिलं, त्यांनी 2014 च्या आधी मैदानात पाऊल ठेवलं होतं की नाही, हे मला ठाऊक नाही. मी ठेवलं होतं. म्हणून लिहितो आहे.

13 जुलै 1997, रविवार. देशातल्या क्लबांच्या फेडरेशन कपची उपांत्य फेरी, कलकत्त्याचेच दोन क्लब ईस्ट बंगाल विरुद्ध मोहन बागान, कलकत्त्याचं सॉल्ट लेक स्टेडियम. त्या दिवसाचा प्रेक्षकांचा आकडा 1 लाख 31 हजार 781 असा नोंदलेला आहे. तुमच्या लेखात देशातली सर्वांत मोठी फुटबॉलगर्दी म्हणून 2017 च्या 17 वर्षांखालील विश्वचषकाच्या अंतिम सामन्याचा उल्लेख आहे. तोही सामना याच स्टेडियमवर झाला, इंग्लंडने स्पेनला 5-2 हरवलं, आणि प्रेक्षक होते 66 हजारांच्या वर. म्हणजे 1997 च्या जेमतेम निम्मे. रिकाम्या खुर्च्यांचं म्हणाल तर त्या काळी तिथे बहुतेक ठिकाणी खुर्च्या नव्हत्याच. सिमेंटच्या पायऱ्या होत्या आणि त्यांवर माणसाला माणूस चिकटून बसलेला होता.

माझी बँकेतली बदली तेव्हा कलकत्त्याला होती. श्यामबाजारला एका जुन्या वाड्यात वरची खोली भाड्याने घेतली होती. घरमालक पिढीजात मोहन बागानवाले. 1911 साली बागानने अनवाणी खेळून गोऱ्या पलटणीकडून आयएफए शील्ड ही फुटबॉलची ढाल जिंकली, ती हकिकत त्यांच्या घरात आपल्याकडे पावनखिंड सांगतात तशी सांगितली जायची. उलट आमच्या शाखेतले रोखपाल पूर्व बंगालातल्या बारिसालहून आलेल्या घरातले. फाळणीत घरदार सुटलेलं, म्हणून ईस्ट बंगाल म्हणजे त्यांना उरलेला गाव. मी कोल्हापूरचा, शिवाजी पेठेत वाढलेला. पेठेची ईर्षा काय असते, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. तरीही त्या आठवड्यात मी जे पाहिलं ते आमच्या पेठांच्याही पलीकडचं होतं.

मोहन बागानचे प्रशिक्षक अमल दत्त होते. खेळाडूंची चौकटच्या आकारात मांडणी करण्याच्या त्यांच्या ‘डायमंड’ पद्धतीचा त्या स्पर्धेत एवढा बोलबाला झाला होता की ट्राममध्येही लोक बोटांनी हवेत चौकोन काढून एकमेकांना चाल समजावत होते. त्यातच दत्तबाबूंनी ईस्ट बंगालच्या खेळाडूंची नावं घेऊन टिंगल केली. बायचुंग भुतियाला ‘चुंग चुंग’ म्हणाले. सिक्कीमचा वीस वर्षांचा पोरगा तो. आमच्या रोखपालांनी ते सकाळच्या पेपरात वाचलं आणि दिवसभर काउंटरवर कुणाशी धड बोलले नाहीत. ईस्ट बंगालकडे प्रशिक्षक पी. के. बॅनर्जी. ते गप्प होते. प्रशिक्षकांमधली ही झुंज सामन्याच्या आधीच घराघरात शिरली होती.

रविवारी सकाळी घरमालकांनी बाजारातून मोठी चिंगडी, म्हणजे कोळंबी आणली. बागान जिंकलं की चिंगडी, ईस्ट बंगाल जिंकलं की इलिश मासा, हा तिथला रिवाज. मी रोखपालांबरोबर जाणार हे मालकांना कळलं तेव्हा घरमालकीण माशीमा माझ्याशी नेहमीसारखं हसून बोलल्या, पण मालक पेपरातून वर बघेनात.

उल्टाडांगा स्टेशनापासून पुढे बस हलेनाच. लोक उतरून चालायला लागले. ट्रकच्या ट्रक झेंडे लावून चाललेले, लाल-पिवळे आणि हिरवे-मरून. अंगाला चिकटणारा पावसाळी उकाडा. दोन्ही बाजूंच्या गॅलऱ्या वेगळ्या होत्या, आणि रोखपालांनी मला दरवाज्यातच बजावलं, “दादा, आता तुम्ही बांगाल, ईस्ट बंगालवाले. गोल झाला की उभं राहायचं.”

पहिल्या अर्ध्यात नझिमुल हकने गोल केला. मध्यंतरानंतर लगेच भुतियाने दुसरा. मग चिमा ओकोरीने बागानचा एक फेडला आणि समोरची अख्खी बाजू उसळली. त्यानंतरची वीस मिनिटं माझ्या शेजारचा माणूस दोन्ही हातांनी माझा दंड धरून होता. मी त्याला ओळखत नव्हतो, त्यानेही माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. बोटांचे वळ संध्याकाळपर्यंत राहिले. शेवटच्या पाच मिनिटांत भुतियाने आणखी दोन मारले. हॅटट्रिक. 4-1. आमच्या गॅलरीत लोकांनी वर्तमानपत्रांच्या सुरळ्या करून पेटवल्या. मशाल हे ईस्ट बंगालचं चिन्ह, म्हणून प्रत्येकाच्या हातात मशाल. वरच्या मजल्यावरून कागदाची काळी राख आमच्या डोक्यावर, शर्टावर पडत होती आणि रोखपाल ती झटकत नव्हते. गृहस्थ पन्नाशीचे, बँकेत शाईचा डाग पडला तरी अस्वस्थ होणारे. ते रडत होते.

रात्री उशिरा परतलो. मालकांच्या घरी चूल पेटली नव्हती. चिंगडी तशीच पातेल्यात. मालकांनी दार उघडलं, माझ्या शर्टावरची राख पाहिली आणि एवढंच विचारलं, “जेवलास का?” नाही म्हटलं तर माशीमांनी मुडी, म्हणजे चुरमुरे, आणि कांदा आणून दिला. मालकही तेच खात बसले होते. सामन्याविषयी आम्ही दोघेही बोललो नाही.

याच सामन्यातून निघालेला ईस्ट बंगालचा संघ अंतिम फेरीत गोव्याच्या साळगावकरकडून 2-1 हरला आणि चषक गोव्याला गेला. तुमच्या लेखात याचाही पत्ता नाही. आपला पेपर गोव्यात जातो, तिथल्या वाचकांना तरी हे खटकलं असेल.

आता ज्या चुकीमुळे मी खरोखर लिहायला बसलो ती. लेखात 1980 च्या दुर्घटनेचा उल्लेख ‘सॉल्ट लेक स्टेडियममधली दंगल’ असा आहे. सॉल्ट लेक स्टेडियम 1984 साली सुरू झालं. 16 ऑगस्ट 1980 ला ईस्ट बंगाल आणि मोहन बागानचा लीगचा तो सामना ईडन गार्डन्सवर होता, क्रिकेटच्या मैदानावर. दोन्ही क्लबांचे पाठीराखे एकाच स्टँडमध्ये मिसळून बसवलेले होते. मैदानात बिदेश बोस आणि दिलीप पालित या खेळाडूंमध्ये जुंपली, ती आग वर चढली, पळापळ झाली, आणि 16 माणसं गेली. चेंगरून गेली. त्यात पोरंच जास्त होती. रोखपालांचा धाकटा भाऊ त्या दिवशी ईडनवर होता. वाचला, पण त्यानंतर कधीही मैदानात गेला नाही. 1997 च्या तिकिटांतलं एक रोखपालांनी त्याच्यासाठी काढलं होतं. तो आला नाही, म्हणून ते मला मिळालं.

कलकत्त्यात 16 ऑगस्ट हा दिवस फुटबॉलप्रेमी दिवस म्हणून पाळतात. रक्तदान करतात. दोन्ही क्लबांची माणसं एका रांगेत उभी राहतात. त्या 16 जणांना ‘हुल्लडबाजीचे बळी’ असं लिहून मोकळं होणं मला सहन झालं नाही. माणसं मेली ती चुकीच्या व्यवस्थेने. कोणाला कुठे बसवायचं, बाहेर पडायची वाट किती रुंद ठेवायची, हे ठरवणारे वेगळे होते. पुढे सॉल्ट लेकवर गॅलऱ्या वेगळ्या झाल्या म्हणून 1997 ला एक लाख तीस हजार लोकांतून मी आणि रोखपाल धडपणे घरी आलो.

हुल्लडबाजी या शब्दावरून आठवलं, तेही सांगून टाकतो. आपल्याच कोल्हापूरच्या हंगामाच्या बातम्या बघा. शाहू स्टेडियमवर पाटाकडील, दिलबहार, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस, खंडोबा, बालगोपाल या संघांचे सामने होतात, भर उन्हात लोक येतात, तालमीच्या म्हाताऱ्यांपासून शाळकरी पोरांपर्यंत. बाटली फेकली गेली की तीन कॉलम आणि फोटो. चांगला सामना झाला की तळाशी स्कोअर. कधी कधी तोही दुसऱ्या दिवशी नाही. गोल कोणी केला हे वाचायला मला संध्याकाळी कट्ट्यावर जावं लागतं. याच शहरातल्या अनिकेत जाधवने 2017 ला भारताकडून तो 17 वर्षांखालील विश्वचषक खेळला, तेव्हा मात्र आपण आठ दिवस पानं भरली. ते पोर कुठल्या गर्दीसमोर फुटबॉल बघत वाढलं, हे लिहायला कुणी स्टेडियमवर आलं नाही. स्पेनच्या लीगचे निकाल रोज न चुकता असतात. त्याबद्दल तक्रार नाही, मीही ते वाचतो. पण माद्रिदच्या दोन क्लबांचा डर्बी ज्या आपुलकीने छापता, तेवढ्याच आपुलकीने मंगळवार पेठ आणि शिवाजी पेठेचा सामना छापायला काय हरकत आहे?

दोन विनंत्या आहेत. ईडन गार्डन्स आणि 1980 विषयीची दुरुस्ती त्याच पुरवणीत, त्याच पानावर द्यावी, आतल्या पानावर चौकटीत नको. आणि यंदाच्या हंगामातल्या शाहू स्टेडियमवरच्या प्रत्येक सामन्याला गोल करणाऱ्यांची नावं आणि मिनिटं यावीत. वार्ताहर पाठवणं जमत नसेल तर कळवा, मी रोज तिथे असतोच, रात्री नऊच्या आत लिहून कार्यालयात आणून देईन.

आपला,
एक जुना वाचक
शिवाजी पेठ, कोल्हापूर