मंग्यास पत्र: आई-बाबा लिस्बनला येऊन गेले

लिस्बन

प्रिय मंग्या,

चवथीला तुझा एवढा लांब मेसेज आला आणि मी त्याला नुसता अंगठा दाखवून गप्प बसलो. शिव्या घालायच्या त्या घालून घे, मग पुढे वाच. आई-बाबा इथे येऊन गेले आणि जे झालं ते इथल्या कुणाला सांगण्यात अर्थ नाही. 'कागद आहे ना, मग करून टाक,' एवढंच म्हणतील. माझी तब्येत बरी आहे. आईचे गुडघे होते तसेच आहेत.

सुरुवात मजेत झाली. बॅगेत कपडे कमी आणि उकडे तांदूळ, सोलां, खारवलेल्या कैऱ्या जास्त. अल्फामाच्या गल्ल्या बघून आई म्हणाली, "हे दाखवायला एवढं तिकीट काढायला लावलंस? हे तर पणजीतलं फोंतेन्हास, नुसता चढ जास्त." चढाचं तिचं खरं आहे. त्यात इथले फुटपाथ गुळगुळीत पांढऱ्या दगडांचे, जरा पाऊस पडला की पाय टिकत नाही. तिने माझा दंड असा धरला होता की अजून ठणकतो. २८ नंबरच्या ट्रॅमची रांग बघून बाबा म्हणाले, आपली कदंब बस बरी. कासिल्यासला फेरीने नेलं तर म्हणे, पणजी-बेतीला माणसाला तिकीट नसतं. पलीकडे भाजलेले तारले मागवले. बाबांनी बिल बघितलं, मनातल्या मनात शंभराने गुणलं आणि हॉटेलात सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "हे आम्ही माडांना खत म्हणून घालायचो!" मराठीत म्हणाले म्हणून वाचलो.

बेलेंला मात्र ते गप्प झाले. जेरोनिमसच्या चर्चमध्ये शिरल्या शिरल्या वास्को द गामाची कबर आहे. हात मागे बांधून बराच वेळ उभे राहिले, आपल्याला उन्हात रांगेत उभं करायचे तेव्हा उभे राहायचे ना, अगदी तसे. मग म्हणाले, "१५२४ मध्ये हा मेला कोचीत. पुरला तिथेच. नंतर हाडं उचलून आणली." जवळच्याच एका बागेत गोवा जिंकणाऱ्या अफोंसो द आल्बुकेर्कचा पुतळा आहे, उंच खांबावर. "पणजीतला आम्ही काढून जुन्या गोव्याच्या म्युझियममध्ये ठेवला. ह्यांचा अजून उभा आहे," हेही झालं. नदीकाठच्या त्या दगडी स्मारकावर दर्यावर्दींचा घोळका कोरलाय, त्यातला फ्रान्सिस झेवियर मी आईला दाखवला तर तिने चप्पल काढून हात जोडले. सायब तेवढा आपला, बाकीचे त्यांचे.

आता मुद्दा. बाबांना पेनिश बघायचंच होतं. लिस्बनहून बसने दीडेक तास, समुद्रात घुसलेला किल्ला. हुकूमशहा सालाझारच्या काळात तिथे राजकीय कैदी ठेवायचे. पणजीच्या आझाद मैदानावर ज्यांचं स्मारक आहे, ज्याच्या पायऱ्यांवर आपण कॉलेज बुडवून बसायचो, त्या गोवा मुक्तीच्या लढ्यातल्या टी. बी. कुन्हांनाही तिथेच आणून कोंडलं होतं. २०२४ पासून तिथे राष्ट्रीय संग्रहालय आहे. कैद्यांना घरची माणसं भेटायची ती खोली तशीच ठेवली आहे, मध्ये काच. बाबा त्या काचेपाशी थांबले आणि आजोबांचं सांगायला लागले. १९५५ मध्ये आजोबा आग्वादच्या तुरुंगात होते तेव्हा त्यांची आई डबा घेऊन जायची, डबा आत जायचा, ती बाहेरच. तू ही गोष्ट दर १८ जूनला, क्रांतिदिनाला, ऐकली आहेस, भाषणाचा कितवा मिनिट तेही तुला पाठ आहे. पण त्या दिवशी आवाज भाषणाचा नव्हता.

परतीच्या बसमध्ये आईला डुलकी लागली. बाबांनी मांडीवरची पिशवी उघडली, प्लॅस्टिकची फाईल काढली आणि माझ्या हातात दिली. आजोबांचा जन्मदाखला. जुन्या पोर्तुगीज नोंदीची नक्कल, अपोस्टिलचा शिक्का मारलेली. त्याच्या खाली बाबांचा दाखला, त्याच्या खाली माझा. सगळं क्रमाने, टाचण्या मारून.

मंग्या, आपल्या बाबांनी! तिस्कावरच्या त्या पोर्तुगीज पासपोर्टवाल्या एजंटाच्या बोर्डासमोरून जाताना जे मान फिरवायचे त्यांनी!

मी काही बोललोच नाही. तेच म्हणाले, "तुझं कार्ड येत नाही, आई रात्रीची उठून बसते." ते खरं आहे. इथे राहायच्या परवान्याचं माझं प्रकरण कुठल्या टेबलावर पडलंय कुणाला माहीत, फोन कुणी उचलत नाही, आणि कार्ड नाही म्हणून दोन ठिकाणची नोकरी हातची गेली. हे मी त्यांना सांगितलं नव्हतं. आईने माझ्या आवाजावरून काढलं असणार.

आता तू म्हणशील, मग अडतंय कुठे? तुला माहीत आहे कुठे. १९ डिसेंबर १९६१ च्या, म्हणजे गोवा मुक्त झाला त्याच्या आधी गोव्यात जन्मलेला तो जन्माने पोर्तुगीज, हा इथला हिशेब. आपल्याकडे करतात त्या रीतीने आधी आजोबांचा जन्म लिस्बनच्या दप्तरात चढवायचा, मग बाबांचा, मग माझा. मधली पायरी बाबा. नुसती नोंद म्हणजे नागरिकत्व की नाही यावरून गोव्यात कोर्टापर्यंत गेलेली माणसं आहेत. आपल्या कायद्यात दोन देश चालत नाहीत. उद्या कुणी तक्रार केली तर बाबांचं मत गेलं. स्वातंत्र्यसैनिकाचा मुलगा म्हणून नोकरी लागली, त्या नोकरीची पेन्शन खातायत, आणि गावात त्यांना पाण्यात बघणारे किती आहेत ते तुला सांगायला नको. १८ जूनला त्यांनी माईक हातात घेतला की मागून कोण काय बोलेल ते मला आत्ताच ऐकू येतंय. हे सगळं त्यांना कळत नाही असं नाही. फाईल लावायच्या आधी सगळा विचार करून बसलेत.

मी विचारलं, आजोबांना काय वाटलं असतं? म्हणाले, "काठी काढली असती." आणि खिडकीबाहेर बघत बसले. थोड्या वेळाने, "तुका जाय तशें कर." ह्याला काय उत्तर द्यायचं? 'नको' म्हटलं तर आई रात्री उठून बसणार. 'हो' म्हटलं तर सही त्यांची. विमानतळावर फाईल परत त्यांच्याच पिशवीत घातली, म्हटलं बघू. बघू!

तुझ्या दादाचं पोर्तुगीज पासपोर्टावर इंग्लंडात स्विंडनला जायचं ठरलं तेव्हा मी तुला विचारलं होतं, आता १९ डिसेंबरला घरावर झेंडा कशाला लावता? पातळ भाजीची बशी तशीच टाकून तू उठून गेलास, आणि पावसाळा संपेपर्यंत बोलला नाहीस. पैसे मीच दिले होते, तेही अजून यायचे आहेत. हेल्मेटही तुझ्याकडेच आहे. ते वाक्य मी मागे घेत नाही. तुमच्या दादाला गोव्यात नोकरी होती, दुकान होतं, त्याची गोष्ट वेगळी, असं मी रोज स्वतःला सांगतो. लगेच हसू नकोस.

बारशाचे फोटो बघितले. पोरगी वहिनीवर गेली, देवाची कृपा. स्लॅब पडला का? कुळागरात या वर्षी सुपारी कशी आहे? तुझ्या खांद्याचं काय झालं ते कळव.

आता काम. बाबा रविवारी तुमच्याकडे येतील. निमित्त केळ्यांचं असेल, पण फाईल पिशवीत असणार. दादाचं काम करून दिलेल्या माणसाचा नंबर मागतील. डिसेंबरात मी येईपर्यंत तो देऊ नकोस, हरवला म्हण, काहीही सांग.

आणि एक सांग. दादाच्या वेळी मधली पायरी तुझे बाबा होते. ते ज्या दिवशी सही करून आले त्या दिवशी घरी काय बोलले? आपण एवढं भांडलो, पण हे मी तुला कधी विचारलं नाही.

वहिनीला नमस्कार, छोटीला पापा.

तुझा,
नंदू