वीसपैकी एकोणीस: शालेय शिक्षणमंत्र्यांना खुलं पत्र

प्रति,
मा. शालेय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय: वाचता न येणाऱ्या मुलांना मी दिलेल्या गुणांबाबत.
संदर्भ: नाही. (ही ओळ सवयीने लिहिली गेली. संदर्भाशिवाय पाठवलेला कागद वरच्या कार्यालयातून कसा परत येतो हे ३३ वर्षं पाहिलं आहे.)

महोदय,

सोलापूर जिल्ह्यातल्या एका अनुदानित हायस्कुलात मी ३३ वर्षं मराठी शिकवली आणि गेल्या वर्षी सेवानिवृत्त झालो. पेन्शन सुरू झाली, म्हणून आता हे लिहितो आहे. नोकरीत असताना का लिहिलं नाही, याला भित्रेपणा म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा.

दहावीच्या मराठीला लेखी ८० गुण आणि तोंडी, म्हणजे शाळेनेच द्यायचे अंतर्गत गुण, २०, हे आपल्याला ठाऊक आहेच. तोंडी म्हणजे मुलाला उतारा ऐकवायचा, त्यावर विचारायचं, त्याला एखाद्या विषयावर चार वाक्यं बोलायला लावायची. एका वर्गात ६०-६५ मुलं. खरोखर घ्यायची तर प्रत्येकाला निदान दहा मिनिटं हवीत. मी कशी घेत होतो ते सांगतो. फेब्रुवारीतल्या एखाद्या दुपारी, ऑफ तासाला, शिक्षक खोलीत हजेरीपट उघडायचा आणि नावांपुढे पेन्सिलीने आकडे टाकत जायचं. सगळ्यांना २० दिले तर बरं दिसत नाही, म्हणून १८, १९, १९, २०, १७, १९. मग शाईने गिरवायचे. चहा यायच्या आत तुकडी संपायची.

या यादीत एक मुलगा होता. दहावीच्या वर्षी त्याला फळ्यावरची सूचना वाचायला सांगितली, तर ‘विद्यार्थ्यांनी’ या शब्दापाशी तो थांबला तो थांबलाच. ‘आला’, ‘गेला’, ‘घर’ इथपर्यंत जमायचं. जोडाक्षर आलं की मान खाली. त्याला मी १९ दिले. एक गुण का कापला हे आजही आठवतं: तो वर्गात फार बोलायचा नाही. पोरगा पास झाला. पेढे घेऊन घरी आला, वाकून पाया पडला. मी आशीर्वाद दिला.

हे फक्त माझ्या हातून होत होतं असं समजायला जागा नाही. मंडळाचेच निकाल पाहा. २०१८ साली दहावीचा निकाल ८९.४१ टक्के होता. पुढच्या वर्षी भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे हे अंतर्गत गुण काढून टाकले, पेपर १०० गुणांचा झाला, आणि २०१९ चा निकाल ७७.१० टक्क्यांवर आला. ओरड झाली. केंद्रीय मंडळांच्या मुलांना अंतर्गत गुण मिळतात, मग अकरावीच्या प्रवेशात आमचीच मुलं मागे का, ही तक्रार खोटी नव्हती. गुण परत आले आणि २०२० चा निकाल ९५.३० टक्के लागला. नवा अभ्यासक्रम, बदललेला पेपर, ही कारणंही होती, मान्य आहे. पण एका वर्षात महाराष्ट्रातली मुलं ढ झाली आणि पुढच्याच वर्षी हुशार झाली, असं काही घडलं नव्हतं. मधलं जे अंतर आहे त्यात माझी पेन्सिल आहे. (२०२१ मध्ये करोनामुळे परीक्षाच झाली नाही आणि ९९.९५ टक्के लागला. त्या वर्षाबद्दल कुणाला दोष देत नाही.)

आता मागे जातो, कारण तो मुलगा माझ्याकडे आठवीनंतर आला होता. पहिली ते आठवी त्याला कुणी थांबवलं नव्हतं. थांबवायला कायद्याने मनाईच होती. शिक्षण हक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. आठवीपर्यंत मुलाला त्याच वर्गात ठेवायचं नाही असं त्यात म्हटलं होतं. लोक त्याला ‘ढकलगाडी’ म्हणाले. मला तसं म्हणवत नाही, कारण त्या कायद्यासोबत मूल्यमापनाची जी पद्धत आली ती कागदावर चांगली होती. २० ऑगस्ट २०१० चा शासन निर्णय मी वाचला आहे. मुलाचं निरीक्षण करा, तोंडी काम बघा, प्रकल्प द्या, चाचणी घ्या, आणि जो मागे पडला आहे त्याला जादा मार्गदर्शन करून वर आणा, असं त्यात होतं. म्हणजे दोन गोष्टी होत्या: नापास करू नका आणि मागे राहू देऊ नका. पहिली पाळायला काहीच करावं लागत नव्हतं, म्हणून ती राज्यभर पाळली गेली.

दुसरीचं काय झालं? आकारिक म्हणजे वर्षभर चालणाऱ्या मूल्यमापनाच्या वर्णनात्मक नोंदींच्या छापील पुस्तिका बाजारात आल्या. त्यातून वाक्यं उचलायची आणि नोंदवहीत उतरवायची: ‘कविता तालासुरात म्हणतो.’ ‘स्वतःचे मत स्पष्टपणे मांडतो.’ ‘परिच्छेदाचे आरोहअवरोहासह वाचन करतो.’ पुढे पीडीएफ आल्या, मग तेवढं उतरवायचे कष्टही गेले. माझ्या त्या मुलाच्या सातवीच्या नोंदवहीत आरोहअवरोह असणार याची मला खात्री आहे. प्राथमिकच्या गुरुजींवर मी हे ढकलत नाही. मतदार याद्या, पोषण आहाराचा हिशेब, यूडायस या सरकारी नोंदणीत भरायची शाळेची माहिती, रोजची एक नवी लिंक आणि कार्यक्रम झाल्याचे फोटो, एवढं उरकून दोन वर्ग एकत्र सांभाळणाऱ्या माणसाने आरोहअवरोह कधी ऐकायचे?

‘प्रथम’ संस्थेच्या ‘असर’ या शैक्षणिक पाहणीत २०२४ साली देशातल्या ग्रामीण सरकारी शाळांमधल्या पाचवीच्या ४४.८ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. आपलं राज्य या सरासरीहून बरं आहे. तरी हा आकडा घरी जाऊन, मुलासमोर कागद धरून काढलेला आहे, आणि त्याच मुलांच्या नोंदवह्यांत काय लिहिलेलं असतं हे मला माहीत आहे.

आठवीपर्यंत ज्याला कुणी हात लावला नाही त्याचं नववीत काय होतं, हे आपल्याला कुणी सांगितलं आहे का? मंत्रालयापर्यंत पोचत नसावं, कारण कुठल्याच तक्त्यात याला रकाना नाही. शाळेला दहावीचा निकाल १०० टक्के हवा असतो. चौकात फ्लेक्स लागतो, ‘यशाची परंपरा कायम’. मग वाचता न येणारी पोरं दहावीच्या पटावर येता कामा नयेत. म्हणून नववीत चाळणी लागते. काहींना त्याच वर्गात बसवतात. काहींच्या वडिलांना बोलावून समजुतीच्या सुरात सांगतात, ‘याचा दाखला घ्या, सतरा नंबरचा फॉर्म भरा, घरी बसून परीक्षा देईल.’ बाप हात जोडतो, अंगठा देतो. मुलगा ट्रॅक्टरवर जातो. सतरा नंबरचा फॉर्म शाळा सुटलेल्यांना पुन्हा परीक्षेला बसता यावं म्हणून आहे. आम्ही तो शाळा सोडवायला वापरला. मी अशा बैठकांना हजर होतो. बोललो नाही.

आठ वर्षं आपण त्या मुलाला अपयशापासून जपलं असं म्हणत होतो, आणि नवव्या वर्षी शाळेचा निकाल जपायला त्याला बाहेर काढलं. मला बरीच वर्षं या गणिताचा अर्थ लागत नव्हता. आता वाटतं की जपत होतो ते मुलाला नव्हतंच. शिक्षकाला स्पष्टीकरण द्यायचं नव्हतं, मुख्याध्यापकाला नोटीस नको होती, संस्थेला फ्लेक्स हवा होता, आणि निकालाच्या दिवशी पत्रकार परिषदेत मागच्या वर्षीपेक्षा दशांशाने तरी मोठा आकडा हवा होता.

शब्दही आपण बदलला. गुणपत्रिकेवरचा ‘नापास’ गेला आणि ‘कौशल्य विकासास पात्र’ आला. हेतू चांगला असेल. पण माझा धाकटा भाऊ आयटीआय करून फिटर झाला. सुतासुताचा हिशेब करतो, भूमिती त्याला माझ्यापेक्षा जास्त येते. ज्याला काही आलं नाही तो कौशल्याला पात्र, हे त्याने कुठल्या तोंडाने ऐकायचं? आणि पोरं काही खुळी नाहीत. शेरा काहीही असो, पारावर एकमेकांना ‘गचकला’च म्हणतात.

इथे कुणी म्हणेल, मास्तरांना जुनी छडी हवी आहे. नको आहे. मी स्वतः १९८३ च्या मार्चमध्ये दहावीला नापास झालो. इंग्रजीत २७. आबांनी दोन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं आणि तिसऱ्या दिवशी गिरणीवर दळणाच्या कामाला लावलं. ऑक्टोबरची वारी, म्हणजे पुन्हा परीक्षा, करायची होती. आमचे इंग्रजीचे सर संध्याकाळी घरी बोलवायचे, एक पैसा न घेता. सरांनी पहिल्या दिवशी माझ्याकडून कुठे काय येत नाही याची यादीच करून घेतली, दीड पान झाली. आमच्यातल्या कुणालाही त्याची लाज वाटली नाही. ऑक्टोबरात ४१ पडले.

आमच्याच वर्गातली एक मुलगी दोन विषयांत राहिली होती. तिचा ऑक्टोबरचा फॉर्म भरलाच नाही. तुळशीचं लग्न झालं आणि पाठोपाठ तिचं. ती माझ्यापेक्षा हुशार होती. कवितेला चाल लावून म्हणायची. तेव्हाचं नापास होणं असं होतं: मला सर मिळाले, तिला स्थळ मिळालं. म्हणून जुनं सगळं परत आणा असं मी म्हणणार नाही. आणि निकालाच्या दिवशी घराघरांतून आईबापांचा जीव कसा टांगणीला लागतो, हेही मी पाहिलं आहे. त्या भीतीची थट्टा करणाऱ्यातला मी नाही. पण ज्या पोराला पंधराव्या वर्षापर्यंत ‘हे तुला आलेलं नाही, चल पुन्हा बघू’ असं एकदाही कुणी म्हटलं नाही, त्याच्या हातात पहिलं अपयश थेट बोर्डाच्या शिक्क्याने द्यायचं, हे त्याला जपणं झालं का?

आपल्या सरकारने २०२३ मध्ये नियम बदलून पाचवी आणि आठवीची वार्षिक परीक्षा परत आणली. अनुत्तीर्ण झालेल्याला जादा मार्गदर्शन, दोन महिन्यांच्या आत पुनर्परीक्षा, आणि तरीही जमलं नाही तर त्याच वर्गात. केंद्राने २०१९ च्या दुरुस्तीत राज्यांना तशी मुभा दिलीच होती. मी खूश झालो होतो. मग पहिल्याच वर्षी एका शाळेत ही पुनर्परीक्षा पाहिली. मार्गदर्शन झालं नव्हतं, कारण मे महिना होता. पेपरच्या दिवशी बाईंनी उत्तरं फळ्यावर लिहिली आणि सात मुलांनी ती उतरवली. त्यातल्या एकाने फळ्याची चौकटही वहीत काढली. सातही जण पास.

त्या बाईंना मी काय बोलणार? माझे एकोणीस आठवले.

आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये गणित-विज्ञानात २० गुण मिळाले तरी शेरा मारून पुढे जाऊ द्यायचं, अशी तरतूद राज्याच्या नव्या अभ्यासक्रम आराखड्यात असल्याच्या बातम्या आल्या. ज्याला पुढे गणित घ्यायचंच नाही त्याला गणितासाठी अडवू नये, हे मला पटतं. फक्त तो २० चा आकडा शाळांच्या हातात आल्यावर त्याचं काय होईल हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. दिल्लीतही वेगळं नाही म्हणा. २०२३ मध्ये डॉक्टरांच्या पदव्युत्तर प्रवेशासाठी नीट या परीक्षेची पात्रता शून्य पर्सेंटाइलवर आणली होती, म्हणजे परीक्षेला बसलेला प्रत्येक जण पात्र. जागा रिकाम्या राहू नयेत म्हणून.

मागण्या मोठ्या नाहीत. दहावीच्या गुणपत्रिकेवर लेखीचे आणि अंतर्गत असे दोन्ही आकडे वेगळे, ठळक छापा, आणि शाळेच्या निकालपत्रातही. ज्या शाळेत लेखीची सरासरी ३० आणि तोंडीची १९ आहे, ती कुणाला तरी दिसू द्या. दुसरं, शाळेचा दहावीचा निकाल जाहीर करताना त्याच तुकडीत तीन वर्षांपूर्वी आठवीच्या पटावर किती मुलं होती तेही शेजारी लिहा. १०० टक्क्यांचे अर्धे फ्लेक्स त्याच दिवशी उतरतील. सतरा नंबरचा फॉर्म भरणाऱ्या प्रत्येक मुलाला त्याची शाळा कुणी सोडवली हे विचारणारा एक रकाना घाला. आणि पाचवीच्या पुनर्परीक्षेआधीचं मार्गदर्शन करणाऱ्याला मानधन द्या, बदली रजा द्या, काहीतरी द्या. गुरुजी सुट्टीत फुकट शिकवतील अशी आशा आपण १९८३ पर्यंत ठेवू शकत होतो.

एक मागणी कागदावर आणता येणार नाही. ज्या शिक्षकाने खरे गुण दिले आणि त्यामुळे शाळेचा निकाल घसरला, त्याला नोटीस पाठवू नका. त्याला विचारा, आता तुम्हाला काय हवं आहे. हे वाक्य कुठल्याही अधिकाऱ्याच्या तोंडून मी नोकरीभर ऐकलं नाही. ऐकलं असतं तर पेन्सिल खाली ठेवली असती का? ठेवली असती असं म्हणायला आवडेल.

तो मुलगा हल्ली तालुक्याच्या गावी गॅरेजमध्ये असतो. मागच्या महिन्यात मुद्रा कर्जाचा फॉर्म घेऊन घरी आला होता. ‘सर, तेवढं भरून द्या, तुमचं अक्षर चांगलं आहे,’ म्हणाला. वाचता येत नाही असं म्हणाला नाही, मीही विचारलं नाही. भरून दिला. सही त्याने केली, सावकाश, एकेक अक्षर जोडत.

येत्या जूनमध्ये पुन्हा पाचवीची पुनर्परीक्षा असेल. एखाद्या शाळेत या. कळवून आलात तर दारात रांगोळी असेल आणि मुलं स्वागतगीत म्हणतील, म्हणून कळवू नका. आत गेल्यावर आधी फळा बघा.

आपला,
एक सेवानिवृत्त मराठी शिक्षक