आधी ते इंजिन खोल

प्रिय विन्या,

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. उत्तराला उशीर झाला, कारण त्यातले दोन आठवडे मी एका सांध्याशी, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्या रुळावर जाते त्या जागेशी, भांडत होतो. ते भांडण पुढे सांगतो, आधी तुझा प्रश्न. नऊ मिलिमीटरच्या रुळावर (दोन पट्ट्यांमधलं अंतर, म्हणजेच गेज) नॅरोगेजची, अरुंद रुळाची मॉडेल रेल्वे करायची ठरवलीयस, तर इंजिन तयार घेऊ की स्वतः करू, असं विचारलंस. आणि पुढच्याच ओळीत लिहिलंस की एन गेजचं (रूळ तोच नऊ मिलिमीटरचा, पण प्रमाण आणखी छोटं) एक शंटिंगचं, म्हणजे डबे इकडून तिकडे हलवणारं इंजिन दहा वर्षं कपाटात पडून आहे, खोक्यातून बाहेरही काढलेलं नाही. अरे, मग विचारतोस काय? आधी ते इंजिन खोल.

हे वाचून तुझ्या पोटात गोळा येणार, हे मला माहीत आहे. कंपासपेटी नवीन राहावी म्हणून भूमितीचा गृहपाठ न करणारा माणूस तू. पण त्या खोक्यात तुझ्या कामाची एकच गोष्ट आहे, ती म्हणजे चासी: मोटर, गिअर आणि सहा चाकं. वरचं सुबक रंगवलेलं शरीर बाजूला ठेव. ते दुसऱ्या प्रमाणाचं आहे, आपल्याला नको.

गणित अगदी सोपं आहे. आपण ओओचं प्रमाण धरतो, म्हणजे खऱ्या एका फुटाला चार मिलिमीटर. नऊ भागिले चार, सव्वादोन. म्हणजे तुझा रूळ २ फूट ३ इंचांचा झाला. बहुतेक मंडळी तो दोन फुटी समजून चालवतात. खरं तर दोन फुटांना आठ मिलिमीटर हवेत, पण हे तीन इंच सगळ्यांनी मिळून पोटात घातलेत. त्यातल्या त्यात वेल्समधली टॅलिलिन रेल्वे करणारा भाग्यवान, कारण तिचा गेज खरोखरच २ फूट ३ इंच आहे. १८६५ मध्ये सुरू झालेली ही रेल्वे बंद पडायला आली तेव्हा हौशी लोकांनी हातात घेतली आणि १९५१ पासून ते ती चालवताहेत. स्वयंसेवकांनी अशी वाचवलेली ती जगातली पहिली रेल्वे.

आणि कुणी मोठ्या लाइनवाला नाक मुरडायला लागला, तर त्याला त्याचंच गणित करून दाखव. ओओचा रूळ साडेसोळा मिलिमीटरचा. भागिले चार, म्हणजे ४ फूट दीड इंच. खरा स्टँडर्ड गेज ४ फूट साडेआठ इंच. आपण तीन इंच जास्त घेतो, ते सात इंच कमी घेतात. त्यांनी आपल्याला अचूकतेचे धडे देऊ नयेत.

आता चासीकडे ये. एन गेजच्या शंटरचं चाक साधारण सात मिलिमीटरचं असतं, म्हणजे आपल्या प्रमाणात एकवीस इंच. मळ्यात, खाणीत, वीटभट्टीवर राबणाऱ्या छोट्या इंजिनांना अशीच चाकं शोभतात. पण वरचं शरीर मात्र मोठं हवं, आणि नवखा माणूस इथेच फसतो. मीही फसलो होतो. पहिलं इंजिन मी ‘नजरेला बरं दिसेल’ अशा बेताने केलं. झाल्यावर शेजारी ड्रायव्हरचा पुतळा ठेवला, तर त्याचं डोकं छपराच्या वर! म्हणून कागदावर रेघ मारण्याआधी एक माणूस काप. पावणेसहा फुटांचा माणूस म्हणजे तेवीस मिलिमीटर. पुठ्ठ्याचा चालेल. त्याला चासीशेजारी उभा कर आणि स्वतःला विचार: हा आत कुठून शिरणार? कोळसा कुठून उचलणार? मागे काय आहे हे त्याला कसं दिसणार? कॅबचं दार, खिडकी, छपराची उंची, सगळं तोच ठरवून देतो.

मग पुठ्ठ्यातच अख्खं इंजिन कर. दोन-तीनदा कर. माझं मत विचारशील तर या छंदातला खरा आनंद याच टप्प्यात आहे, कारण अजून काही बिघडलेलं नसतं. पुठ्ठ्यातली कॅब टाचणीने टोचून चासीवर बसव, चार पावलं मागे जा, डोळे बारीक करून बघ. मी धुराड्याची उंची चार वेळा बदलली. अर्धा मिलिमीटर कमी केला की इंजिन गरीब बापडं दिसायचं, वाढवला की लगेच रुबाब करायला लागायचं.

पुठ्ठा मनासारखा झाला की प्लॅस्टिक शीट घे. कॅबच्या भिंतींना अर्ध्या मिलिमीटरची, खालच्या पाटाला एक मिलिमीटरची. आरपार कापू नकोस. कटरने दोन-तीनदा हलकी रेघ ओढ आणि मोड, सरळ तुटते. कोपरे गुण्यात, म्हणजे काटकोनात धरून पातळ सॉल्व्हंट ब्रशने सांध्याला नुसता टेकव, ते आपोआप आत ओढलं जातं. खिडक्या उघड्या ठेव, वास उग्र असतो. रिव्हेट करायला पाव मिलिमीटरची शीट उलटी ठेव, पट्टी धर आणि बोथट सुईने मागून एकेक टिंब दाब. पुढून बारीक फोड येते. एकाच ओळीत, सारख्या अंतरावर चाळीस टिंबं मारायची म्हणजे श्वास रोखून बसायचं काम आहे. एकोणचाळिसावं चुकतं, हा माझा अनुभव. तिथे मग पाण्याची नळी बसवायची आणि मोकळं व्हायचं.

वजनाचं मात्र नीट ऐक, यात मी पुरता पोळलोय. हलकं इंजिन ओढत नाही आणि रुळाला नीट टेकत नाही, त्यामुळे वीजही धड घेत नाही. म्हणून बॉयलरच्या पोकळीत शिशाचे छर्रे भरतात. मी ते भरले आणि वरून पांढरा गोंद ओतला. पहिलं वर्ष दृष्ट लागावी असं गेलं. दुसऱ्या वर्षी बॉयलरला एक केसासारखी चीर दिसली. मला वाटलं, हातातून कधी पडलं असेल. चीर बुजवली, रंग दिला. काही महिन्यांनी तीच चीर पुन्हा, आता नख जाईल एवढी, आणि पाण्याच्या टाकीचा कोपरा बाहेर फुगलेला. शेवटी उघडलं तर आत शिशाऐवजी पांढरी भुकटी, ठासून बसलेली. त्या गोंदाबरोबर शिसं हळूहळू गंजतं, त्याची पांढरी पूड होते आणि ती पूड शिशापेक्षा जास्त जागा मागते. बिचाऱ्या प्लॅस्टिकने किती तग धरावा? तेव्हा छर्रे इपॉक्सीनेच बसव. आणि शिसं हाताळल्यावर हात स्वच्छ धू.

ते फुटलेलं इंजिन मी टाकलं नाही. टाकीला नवा पत्रा लावला, बॉयलरवर एक पट्टा चढवला आणि आता ते जास्त खरं दिसतं! नॅरोगेजमध्ये मी रमलो तो यासाठीच. खरी इंजिनंही अशीच ठिगळं लावून जगली. पहिल्या महायुद्धात खंदकांपर्यंत दारूगोळा न्यायला ६० सेंटिमीटरचे रूळ टाकले होते. त्यांच्यासाठी ब्रिटिश सैन्याने १९१६–१७ मध्ये अमेरिकेच्या बाल्डविन कंपनीकडून ४९५ इंजिनं मागवली. युद्ध संपलं आणि ती वापरलेल्या मालासारखी विकली गेली. काही थेट भारतातल्या साखर कारखान्यांत पोचली. तिथल्या मिस्त्रीने जे हाताशी होतं ते लावून ती चालती ठेवली. तुझ्या इंजिनाची कॅब एका जातीची आणि धुराडं दुसऱ्या जातीचं असलं तर ‘असं कधी नव्हतंच’ असं छातीठोकपणे कोण सांगणार?

पण याचा अर्थ मनात येईल ते चिकटवायचं असा घेऊ नकोस. तुझ्या रेल्वेची गोष्ट आधी ठरव. लाकूड ओढते की दगड? चढ आहे का? वळणं किती तीव्र? माथेरानच्या १९०७ च्या दोन फुटी लाइनवर ओरेनस्टाइन अँड कोपेलची जी इंजिनं आली, त्यांना क्लिन-लिंडनर पद्धतीचे आस होते. टोकाची चाकं वळणात थोडी वळावीत म्हणून. वळणामुळे इंजिनाचं अंग बदललं. कारण असलं की वस्तू पटते. बाजारात मिळतात म्हणून दोन-दोन दिवे आणि तीन-तीन बादल्या लटकवलेली इंजिनं मी पाहिलीत, ती लग्नातल्या घोड्यासारखी दिसतात.

रुळाबद्दल थोडक्यात. साधा एन गेजचा रूळ वापरलास तर स्लीपर (रुळाखालच्या आडव्या पट्ट्या) फार जवळजवळ दिसतील. एकाआड एक काप आणि उरलेले थोडे वाकडे सरकव. कोड ८० चा, म्हणजे इंचाच्या ऐंशी हजारांश उंचीचा रूळ आपल्या प्रमाणात सहा इंच उंच होतो. खऱ्या हलक्या लाइनचा जेमतेम तीन इंच असायचा. उपाय एकच, बाजूंना गंजाचा रंग दे आणि स्लीपर बुडतील इतकी माती टाक. चाळलेली खरी माती उत्तम, फक्त तिच्यावरून आधी लोहचुंबक फिरव. लोखंडाचे कण राहिले तर मोटर ते ओढून घेईल आणि मग रडत बसशील. (इथे पांढरा गोंद चालतो. निम्मं पाणी घाल आणि साबणाचा एक थेंब, म्हणजे तो मातीत मुरतो.)

तर ते सांध्याचं भांडण. तीन इंजिनं बिनतक्रार जायची, चौथं दर खेपेला एकाच जागी घसरायचं. मी सांध्याला कानस लावली. मग पॉलिश पेपर. मग खालची फळीच उचलली आणि पातळी तपासली. चौदाव्या दिवशी, निव्वळ वैतागून, इंजिन उलटं धरलं आणि चाकांच्या आतल्या कडांमधलं अंतर मोजलं. मधली जोडी आत सरकलेली होती. चिमट्याने हलकेच बाहेर ओढली, दोन मिनिटांचं काम. घासून घासून तो सांधा आता इतका गुळगुळीत झालाय की उरलेली तीन त्याच्यावरून घसरतात! नवा सांधा घालावा लागणार.

जागा नाही असं म्हणू नकोस. खिडकीखालची ती फळी पुरते. ॲलन राइट यांचा ‘इंगलनुक’ नावाचा शंटिंगचा डाव आहे. तीन फाटे, एकात पाच वाघिणी मावतात, बाकी दोनांत तीन-तीन. एकूण आठ वाघिणी. चिठ्ठ्या काढून पाच निवडायच्या आणि आलेल्या क्रमानेच गाडी लावायची. आठातल्या पाचांचे असे क्रम ६,७२० होतात, म्हणजे रोज एक म्हटलं तरी अठरा वर्षं निघतील. फक्त गाडी सावकाश चालव. ताशी २४ किलोमीटर म्हणजे आपल्या रुळावर एक मीटर जायला अकरा सेकंदांहून थोडं जास्त. घड्याळ लावून बघ, सुरुवातीला गाडी थांबलीच आहे असं वाटेल.

तर पुढचं काम तुझं. स्क्रूड्रायव्हर घे, खोकं उघड, शरीर वर उचल. जोर लावू नकोस, बाजूला खाचा असतील त्या सैल कर. पहिल्या आणि शेवटच्या आसातलं अंतर आणि मोटरची सगळ्यात उंच जागा मोजून कळव. मग मी दोन-तीन कॅब पुठ्ठ्यात कापून पाठवतो. सोबत तेवीस मिलिमीटरचा माणूसही येईल. त्याला जप, माझ्याकडे दोन्ही पाय शाबूत असलेला तो एकच उरलाय.

वहिनींना नमस्कार सांग. आणि सॉल्व्हंटची बाटली जेवणाच्या टेबलावर उघडू नकोस, टेबलाच्या पॉलिशचं काय होतं ते आमच्या घरात विचार.

तुझा,
बंड्या