कीबोर्डच्या पट्टीखालचं बटण

संपादक महोदय,

आपल्या शिक्षण पुरवणीतला यूएक्स डिझाइनच्या, म्हणजे अ‍ॅप वा संकेतस्थळ वापरणाऱ्याला सोपं जाईल असं रचण्याच्या, अभ्यासक्रमांवरचा लेख वाचला. कोणती सॉफ्टवेअर्स शिकावीत याची त्यात लांबलचक यादी आहे. वापरणारा माणूस मात्र कुठे भेटला नाही. हा विषय मी बारा वर्षं शिकवते, म्हणून राहवलं नाही.

माझ्या वर्गात पहिले सहा आठवडे संगणक बंद. कागद, कात्री, चिकटपट्टी. गेल्या सत्रात एका गटाने दवाखान्याची वेळ ठरवण्याचं अ‍ॅप कागदावर केलं. एक मुलगा ‘कॉम्प्युटर’ झाला. समोरच्याने कागदावर बोट टेकवलं की त्याने पुढचा कागद सरकवायचा. वापरून बघायला ग्रंथालयातल्या मदतनीस काकू आल्या. नावाच्या चौकटीवर त्यांनी बोट ठेवताच मुलाने पुठ्ठ्याचा कीबोर्ड कागदाच्या खालच्या भागावर ठेवला. काकूंनी नाव लिहिलं आणि थांबल्या. ‘पुढे जा’चं बटण त्या पट्टीखाली गेलं होतं. मुलगा सांगायला तोंड उघडणार, एवढ्यात मी ओठांवर बोट ठेवलं. (चाचणी चालू असताना मदत करायची नाही, हा आमचा एकमेव कडक नियम. मुलांना तो परीक्षेपेक्षा जड जातो.) काकू बराच वेळ कागद न्याहाळत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, ‘माझंच काहीतरी चुकलं असेल.’ मुलगा कानापर्यंत लाल झाला. बटण स्वतःच्याच हाताने झाकलंय, हे त्याला तेव्हा दिसलं. दुसऱ्या दिवशी ते चौकटीच्या लगेच खाली आलं होतं. संगणकावरच्या देखण्या चित्रात कीबोर्ड बहुधा उघडतच नाही, मग असली चूक दिसणार कशी?

पाम पायलट या खिशातल्या संगणकाचे जनक जेफ हॉकिन्स यंत्र तयार होण्याआधी तेवढाच लाकडी ठोकळा खिशात घेऊन फिरत आणि त्यावर लिहिल्यासारखं करत. हा किस्सा मुलांना आवडतो. तसाच ठोकळा घेऊन आठवडाभर हिंडा म्हटलं की लाजतात.

वापरसुलभतेचे अभ्यासक याकोब नील्सन यांनी २००० साली मांडलेला हिशेब मात्र सगळ्यांना पाठ असतो: पाच जणांवर चाचणी घेतली की सुमारे ८५ टक्के अडचणी सापडतात. मग वसतिगृहातले पाच मित्र पकडायचे आणि मोकळं व्हायचं! नील्सन यांचं पुढचं म्हणणं कुणी वाचत नाही. पंधरा माणसं मिळत असतील तर पाच-पाचच्या तीन फेऱ्या घ्या आणि दर फेरीनंतर दुरुस्ती करा, असं ते सांगतात. आमच्या वेळापत्रकात दुरुस्तीला तासच नाही.

आणि गुण? बाहेरून आलेले परीक्षक रंगीत पानांची फाइल चाळतात. एका गटाने चाचणीनंतर चार स्क्रीन काढून टाकले, कारण त्यांची कुणाला गरजच पडली नव्हती. ‘काम कमी दिसतंय’ असा शेरा मिळाला. त्यांची निरीक्षणांची वही कुणी उघडलीसुद्धा नाही. निम्मे गुण त्या वहीला आणि टाकून दिलेल्या कागदांना द्यावेत, हे मी अभ्यास मंडळाला दोनदा लिहून दिलं आहे. उत्तर नाही.

येत्या तोंडी परीक्षेला मी परीक्षकांसमोर फाइल ठेवणार नाही. कागदी अ‍ॅप ठेवून ‘उद्याची वेळ घेऊन दाखवा’ एवढंच सांगणार आहे. मुलांना गप्प बसायची सवय झालेलीच आहे.

– एक डिझाइन शिक्षिका